सासूबाईंची फणी

"शालू, चौकट सोड बघू," चेहरा हसरा ठेवून आणि दात आवळून मी म्हणाले.

शालूनं चौकट सोडली नाही. उलट दुसऱ्या हातानंही धरली. समोर शाळेचे मुख्याध्यापक, चांगले साडेसहा फुटी गृहस्थ, गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते आणि तिला एक लाकडी बदक दाखवत होते. शालूनं बदकाकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या बिचाऱ्यानं लाजून मान खाली घातली असती. तिच्यामागे मी, माझ्यामागे माझ्या सासूबाई, आणि त्यांच्यामागे सायकली लावून आत जायची वाट बघणारी पोरं आणि त्यांचे आईबाप. चार वर्षांच्या पोरीनं अख्खी शाळा अडवून धरली होती.

"घरी," शालू म्हणाली.

"आत किती खेळणी आहेत, बघ तरी."

"घरी."

"उचलून आत ठेव की तिला," मागून सासूबाई म्हणाल्या. "आत गेली की राहती. श्रीरंगला मी तसंच टाकून आले होते बालवाडीत."

"आई, इथे तसं चालत नाही."

"मग कसं चालतं? चौकटीसकट न्यायची का आत?"

मुख्याध्यापकांनी बदक खिशात ठेवलं आणि पुन्हा कधीतरी यावं असं फार गोड शब्दांत सुचवलं. आम्ही बाजूला झालो. पोरं आत गेली. जाता जाता प्रत्येकानं शालूकडे वळून पाहिलं आणि तिनं प्रत्येकाला जीभ दाखवली.

ही आमची चौथी शाळा होती.

श्रीरंगला कंपनीनं हॉलंडला, आइंडहोवनला पाठवलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, घर मिळणं अवघड जाईल. घर आठवड्यात मिळालं. अडलं ते शाळेवर. इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं आणि शाळा आईबापांनी हव्या तेवढ्या पाहून निवडायची असते. पुण्यात शाळा आपल्याला निवडते. बालवर्गाच्या मुलाखतीसाठी रंग, आकार, वडिलांचं पूर्ण नाव हे सगळं आम्ही शालूकडून घोटून घेतलं होतं. इथे कुणी तिला काही विचारतच नव्हतं. आत या, बसा, खेळा म्हणायचे, आणि तेवढंच तिला नको होतं.

पुण्यात ही पोर सोसायटीच्या वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचं डोकं खायची. विमानातून उतरल्यापासून मात्र घराबाहेर तिचा एकच शब्द उरला होता, "घरी." बागेत घरी, दुकानात घरी, शाळेत तर दारातच घरी. घरात आली की पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू, तोही फक्त आजीसमोर.

आणि आजी जायची होती. सासूबाईंचा व्हिसा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपत होता. त्यानंतरच्या सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका फर्मनं, माझं डच शून्य असूनही, मला घेतलं होतं. पाळणाघरांत वर्षभराची रांग होती. म्हणजे सासूबाई विमानात बसल्या की शालूला कुठेतरी आत पाऊल टाकावंच लागणार होतं, नाहीतर मला फर्मला नको म्हणून कळवावं लागणार होतं. पुण्यातलं काम सोडून आले तेव्हा मी स्वतःशी ठरवलं होतं, की इथे नुसती श्रीरंगची बायको म्हणून राहायचं नाही. ते मला फार आतून हवं होतं.

श्रीरंगच्या मते प्रश्न केव्हाच सुटलेला होता.

"ती इंग्रजी शाळा घेऊ," जेवताना तो पाचव्यांदा म्हणाला. "फी कंपनी भरतेय. उद्या पुण्याला परत गेलो तरी अडचण नाही. जागा शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत."

"त्या शाळेतही ती आत गेली नाही, श्रीरंग."

"गेली होती की. कोटांमध्ये."

ते खरं होतं. ती शाळा दिसायला देखणी होती. चार वर्षांच्या मुलांनाही निळा टाय. शाळा दाखवणाऱ्या बाई आम्हाला वाचनालय दाखवत होत्या तेवढ्यात शालू गायब झाली. शोधाशोध केल्यावर सापडली ती व्हरांड्यात, मुलांचे कोट टांगलेले असतात त्या खुंट्यांखाली. दोन कोटांच्या मधे शिरून बसली होती आणि डोक्यात कुणाची तरी लाल लोकरी टोपी, कानांवरून पार भुवयांपर्यंत ओढलेली. तासभर ती तिथून हलली नाही. निघताना टोपी काढून घेतली तेव्हा रडली.

"मला तरी तीच पसंत हाय," सासूबाई म्हणाल्या. "टाय हाय. इस्लामपुरात फोटो पाठवायला बरा."

"आई, फोटोसाठी शाळा घ्यायची का?"

"मग कशासाठी घ्यायची? शिकवत तर कुणीच न्हाई इथं. सगळीकडं पोरं वाळूत बसल्यात."

सासूबाईंचा एरवीचा रुबाब इथे आल्यापासून जरा उतरला होता. इस्लामपुरात भाजीवाल्या त्यांना बघून भाव कमी करायच्या. इथे कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून शेजारच्या म्हातारबाबानं तो परत आणून दाराशी ठेवला, आणि सायकलच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या म्हणून एका शाळकरी मुलीनं घंटी वाजवून त्यांना बाजूला केलं. तेव्हापासून त्या एकट्या खाली उतरेनात. "हे लोक लई पुढं गेल्यात बाई, आपलं काय चालायचं न्हाई," म्हणायच्या आणि खिडकीत बसायच्या.

संध्याकाळची एक वेळ मात्र त्यांच्या हुकमतीची. जेवणाआधी शालू आपण होऊन त्यांच्यापुढे पाठ करून बसायची. खोबरेल तेल, मग त्यांची ती शिसवी, बारीक दातांची फणी, मग दोन घट्ट वेण्या. फणी फिरायला लागली की पोरीचे डोळे मिटायचे, मान मागे आजीच्या मांडीवर जायची आणि दिवसभराचं साठलेलं बोलणं सुरू व्हायचं. त्या वेळी मी त्या खोलीत गेलेलंही दोघींना आवडायचं नाही.

"डोकं खाजवाय लागलीय ही," एकदा सासूबाई म्हणाल्या. "हवा कोरडी हाय इथली. तेल वाढवाय पाहिजे." आणि त्यांनी तेल वाढवलं.

बुधवारी सकाळी मी शेवटचा प्रयत्न म्हणून त्या दोघींना घेऊन आमच्याच इमारतीमागच्या शाळेत गेले. शाळेचं नाव मेरल. साधी विटांची बैठी इमारत, पुढे सायकलींचा ढीग. श्रीरंगनं इंटरनेटवर बघून "सर्वसाधारण" असा शेरा मारून ठेवला होता, म्हणून आम्ही तिथे फिरकलोच नव्हतो. मी ठरवलं होतं, इथेही चौकटनाट्य झालं तर सरळ त्या टायवाल्या शाळेला हो म्हणायचं आणि उचलून आत टाकायचं. सासूबाईंना मी तसं सांगितलंसुद्धा.

"मग इथं कशाला आलोय?" त्यांनी विचारलं.

"मनाच्या समाधानासाठी."

मुख्याध्यापिकेचं नाव योलांदा. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची, हातात कॉफीचा मग. तिनं इंग्रजीत स्वागत केलं आणि म्हणाली, "जरा गडबडीच्या दिवशी आलात. गेल्या आठवड्यात शरद ऋतूची सुट्टी होती, तेव्हा आज तपासणी आहे. या, वर्गापर्यंत जाऊ."

सासूबाईंना मी तेवढा शब्द मराठीत सांगितला. त्यांनी पदर नीट केला. तपासणी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे शिक्षणाधिकारी उभे राहिले असणार.

वर्गाच्या दारात पोहोचलो आणि मी थबकले. आत बुटक्या खुर्च्यांची एक रांग मांडलेली. खुर्च्यांवर पोरं बसलेली, आणि प्रत्येक पोराच्या मागे एकेक बाई, हातात पिवळी प्लास्टिकची फणी घेऊन, त्याचं डोकं विंचरून विंचरून बघतेय. शेजारी पांढऱ्या कागदी रुमालांची चळत. एवढा प्रगत देश, एवढ्या सरळ रेषेतले रस्ते, आणि शाळेत उवा. आल्या पावली परत फिरावं असं मला वाटलं.

"हेमांगी," मागून सासूबाईंचा आवाज आला. "काय बघत्यात गं या बायका?"

"उवा," मी पुटपुटले.

"ह्यांच्यात पण असत्यात?"

"हळू बोला, आई."

"मराठी कुणाला कळतंय इथं?" सासूबाई पुढे सरकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मान ताठ केली होती. "गोऱ्यांना पण उवा? आणि ह्या पिवळ्या केसांत दिसायच्या तरी कशा?"

दर सुट्टीनंतर पोरांच्या आया स्वतःहून येऊन अशी डोकी तपासतात, वर्षानुवर्षांची पद्धत आहे, असं योलांदा मला समजावून सांगत होती. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी शालूचा हात चाचपत होते, आणि हात हातात नव्हता.

चौकटीकडे पाहिलं. चौकट मोकळी होती.

शालू आत गेली होती. सरळ चालत जाऊन ती रांगेतल्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसली, आणि मागच्या अनोळखी बाईकडे एकदाही न बघता तिनं मान मागे टेकवून डोळे मिटून घेतले.

त्या बाईचं नाव इनेके. तिचा तांबड्या केसांचा मुलगा ब्राम याच वर्गात होता. तिनं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, मग खांदे उडवले आणि शालूच्या वेण्या सोडायला घेतल्या. बोटं तेलानं माखली तशी तिनं ती नाकाशी नेली, हसली, शेजारणीलाही वास दिला. मग फणी फिरायला लागली. आणि शालू बोलायला लागली. मराठीत, घडाघडा. घराखालच्या मांजरीचं, बाबाच्या घोरण्याचं, लाकडी बदकाचं. इनेके मधूनमधून "या, या" म्हणत होती. डच लोकांचं हो ते, पण शालूला वाटलं असावं, ही आपल्याला या म्हणून बोलावतेय.

योलांदा काहीतरी विचारत होती आणि मी नुसती मान हलवत होते.

तेवढ्यात इनेकेचा हात थांबला. तिनं फणी खिडकीच्या उजेडात धरली आणि योलांदाला खूण केली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. उंबऱ्यावर उभी राहून मी मनातल्या मनात ज्यांना नाकं मुरडत होते, त्यांच्या शाळेत उवा होत्या त्या आमच्याच पोरीच्या डोक्यात. भारतातून आलेली बाई पहिल्याच दिवशी काय घेऊन आली, हे आता सगळ्या गावाला कळणार. मी माफी मागायला लागले ती थांबेचना.

"अहो, होतं असं," योलांदा म्हणाली. "मागच्या खेपेला माझ्याच मुलाच्या डोक्यात होत्या. म्हणून तर बघतो."

"काय म्हणती ती?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडल्यात म्हणते. शालूच्या."

सासूबाईंचा चेहरा कडक झाला. "आमच्या घरात उवा न्हाईत. सांग तिला." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "टोपी. त्या टायवाल्या शाळेतली लाल टोपी." आणि कुणी विचारायच्या आत त्यांनी सगळ्या बायकांना हातवारे करून ती कथा सांगितली. गळ्याशी टायची गाठ मारून दाखवली, टोपी कानांवर ओढून दाखवली, मग दोन्ही हातांनी कराकरा डोकं खाजवलं. बायका हसून हसून बेजार झाल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्याची गरजच पडली नाही.

मग सासूबाईंनी आपली पर्स उघडली. रुमाल, खडीसाखर, सेफ्टी पिनांचा जुडगा बाजूला सारून शिसवी फणी काढली. "सरक बाई जरा," असं इनेकेला म्हणून तिच्या जागी गेल्या आणि शालूचं डोकं ताब्यात घेतलं. दुसऱ्याच फेऱ्याला एक सापडली. ती त्यांनी अंगठ्याच्या नखावर घेतली आणि दुसऱ्या नखानं, टच्.

इनेकेनं घाईघाईनं पांढरा रुमाल पुढे केला, कारण नियम तसा होता, उवा रुमालावर ठेवायच्या. पण उशीर झाला होता. पोरांनी तो आवाज ऐकला होता. ब्राम धावत आला आणि आजीच्या नखांत डोळे घालून बघायला लागला. पुढच्या टच्‌ला चार पोरं होती, त्याच्या पुढच्याला सगळा वर्ग. शालू मधोमध बसली होती, महाराणीच्या थाटात, आणि प्रत्येक टच् झाला की बोटं वर करून आकडा दाखवत होती. शेवटी ब्राम तिच्याशेजारी पाठ करून बसला आणि आपलं तांबडं डोकं त्यानं सासूबाईंपुढे केलं. त्यात काहीच सापडलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"तिला आवडतंय इथे," योलांदा मला म्हणाली. "पण आज तिला ठेवून घेता येणार नाही. डोकं साफ करा, उद्या या. जागा आहे."

मी शालूपाशी जाऊन वाकले. "चल राणी, घरी जाऊ."

"नाही."

"उद्या परत यायचंय. आता घरी."

ती उठली, दारापर्यंत आली, आणि तिथे तिनं चौकट धरली. दोन्ही हातांनी. या खेपेला आतल्या बाजूनं.

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. सासूबाईंनी एकेक बोट सोडवून तिला बाहेर काढलं तेव्हा ती रस्ताभर भोकाड पसरून रडली, आणि त्या रडण्याइतकं गोड मी आइंडहोवनमध्ये तोवर काही ऐकलं नव्हतं.

श्रीरंग घरी आला तेव्हा त्याला आल्या आल्या पाटावर बसावं लागलं. सासूबाईंनी सगळ्या घराची डोकी धरली होती. माझं झालं होतं, आता त्याचं.

"पण ही शाळा निवडली कशावरून?" फणीखालून त्यानं विचारलं. "निकाल सर्वसाधारण, शिकवणार डचमध्ये, सहा वर्षांपर्यंत अक्षर नाही. परत गेलो तर काय करायचं? ऑफिसात विचारलं तर काय सांगू मी?"

"उवा बघतात म्हणून सांग."

"हेमांगी, मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. इतक्या शाळा पाहिल्या, एकीतही ती आत गेली नाही. इथून ती बाहेर येईना. परत गेलो तर तेव्हाचं तेव्हा बघू."

त्यानं वर आईकडे पाहिलं. त्याला वाटलं, टायच्या बाजूनं एक मत नक्की आहे.

"मान खाली घाल," सासूबाई म्हणाल्या. "टायवाल्या शाळेला कळव, न्हाई येत म्हणून. आणि त्यांस्नी म्हणावं, टोप्या उकळून काढा."

आम्ही परत गेलो नाही. या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. पुण्याहून, नाशिकहून नव्यानं आलेली मंडळी मला फोन करतात, शाळा कशी निवडायची म्हणून विचारतात, आणि मी त्यांना निकाल, अंतर, भाषा सगळं व्यवस्थित समजावते. शालू मेरलमध्ये होती तोवर दर सुट्टीनंतरच्या बुधवारी मी ऑफिसला उशिरा जायचे आणि पिवळी फणी घेऊन बुटक्या खुर्चीमागे उभी राहायचे. हे मात्र मी फोनवर सांगत नाही. फोनवर सांगून ते पटायचं नाही.

तपासणीच्या त्याच आठवड्यात, शनिवारी, सासूबाईंचं विमान होतं. शुक्रवारी शालूला सोडायला आम्ही दोघी गेलो. दारात इनेके भेटली, ब्रामला सोडत होती. सासूबाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली फणी काढली आणि तिच्या हातात ठेवली. इनेके नको नको म्हणत होती. सासूबाईंनी तिची मूठ मिटली आणि वरून दोनदा थोपटली.

"तिला सांग," मला म्हणाल्या, "प्लास्टिकनं काय होत न्हाई."

मी सांगितलं. इनेके हसली आणि फणी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून आत गेली.

"विंचरायला येत न्हाई तिला," सासूबाई तिच्या पाठीकडे बघत म्हणाल्या. "लई हळू करती. पण हात मऊ हाय. मी गेल्यावर पोरीनं कुणापुढं बसायचं, ह्या काळजीनं झोप नव्हती बघ मला."

इतके दिवस मला वाटत होतं, शालूला कुठे ठेवायचं ही काळजी माझी आहे. त्यांचा हात धरावा म्हणून पाहिलं, तर तो मोकळा नव्हता.

आत शालूनं कोट खुंटीला लावला होता. ब्राम तिला वाळूकडे ओढत होता. तिनं वळून दाराकडे पाहिलं, आणि जरा वैतागूनच परत आली.

"आजी, चौकट सोड की," ती म्हणाली. "थंडी येती आत."

आजीनं चौकट सोडली, आणि शालूनं दार लावून घेतलं.